तिसरी कडी

देवळालीच्या लिलावातून ती आली,
लढाई संपल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात,
चांदवडचा घाट उतरून, मालेगाव मागं टाकून,
आणि धुळ्यात, पांझरेच्या ऐन फरशीवर, बसली.
बैल बसतो तशी नाही. बैल आधी सांगतो.

भरीव रबराची चाकं, हवा नावालाही नाही;
खडी तिच्याखाली फुटाण्यासारखी फुटायची.
कार्बाइडचे दोन दिवे, पुढं हँडल, वर फाटकी ताडपत्री,
आणि पोटाशी दोन्ही अंगांना साखळ्या,
मागच्या चाकांना ओढणाऱ्या.
पाटीवर लिहिलेलं: तीन टन.
सरकीच्या व्यापाऱ्यानं बोटांवर हिशेब केला, ब्याऐंशी मण,
मग पुन्हा केला.

"हाई काय शे भो? ना बैल, ना जू,"
म्हणत सुपडू लोहार तिच्याखाली सरपटत गेला.
मी त्याचा भाता ओढणारा पोर, अकरा वर्षांचा.
बराच वेळ मला त्याचे तळवेच दिसत होते.
निघाला तेव्हा मुठीत तुटकी कडी,
आणि चेहऱ्यावर वंगण, गंधासारखं आडवं.

ड्रायव्हर हुसेन पिंजारी बसऱ्याहून परतलेला.
भात्याशी बसून सांगायचा:
पहिल्या गाड्या दुकानांच्या होत्या, पाव वाहणाऱ्या,
वरून खाकी रंग फासला आणि धाडल्या आघाडीवर.
तिकडचा चिखल चाक गिळतो, वर आसही मागतो.
आस मोडला, आस जाड केला.
पाटा मोडला, पाट्याखाली पाटा घातला.
"जिथं मोडली तिथं जाड झाली, बस.
जी जागा मोडली नाही, ती कुणी पाहिलीच नाही."

सुपडूनं बैलगाडीची जुनी धाव कापली.
पहिली कडी पाण्यात विझवली, तिची काच झाली,
नगावबारीच्या चढालाच तडकली.
दुसरी वाऱ्यावर गार केली. ती मऊ निघाली,
लांबत लांबत सोनगीरपर्यंत गेली
आणि दात सोडून धुळीत पडली.
सहा बैलांनी गाडी परत आणली.
त्यांना हसू आलं असेल, तर दाखवलं नाही.

तिसरी करडईच्या तेलात बुडवली.
तेल भडकलं, भुवया जळल्या. माझ्या.
भट्टीत सण असल्यासारखा वास सुटला.
मला तेव्हा वाटलं,
बोटीला महिना लागेल इतक्या लांब
कुणी साहेब कागदावर हीच कडी आखत असेल,
त्याचीही पहिली तडकली असेल, दुसरी लांबली असेल.
त्याच्या भुवयांचं मला माहीत नाही.

ती टिकली.
तापीच्या काठापर्यंत गेली, रुईच्या गाठी घेऊन परत आली,
आणि नऊ वर्षं येत-जात राहिली.

मग दुसरी लढाई. आग्रा रोडवर रात्रभर रांग,
झाकलेले दिवे, हवेची चाकं,
पुढची चाकंही ओढणारी.
सुपडूच्या डोळ्यांत तोवर वडस आला होता.
एक गाडी पाण्याला थांबली तर वाकला,
खाली हात घालून चाचपत राहिला.
"साखळी कोठे शे?"
ड्रायव्हर मद्रासकडचा, भाषा नाही.
त्यानं एका जाड नळीवर थाप मारली.
आत, असं म्हणाला बहुतेक.

तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात
तसा सुपडूनं तिच्यावर तळवा ठेवला.
"हाई कोठे मोडस व्हई?" मला म्हणाला.
मी काय सांगणार?
रांग हलली. त्याचा हात हवेत तसाच.

जुनी गाडी भंगारात गेली, चाकं कुणी घाण्याला नेली.
तिसरी कडी मी मागून घेतली.
आता ती माझ्या तराजूत असते, शेंगांच्या गाडीवर,
पाव शेराला जराशी कमी.
गिऱ्हाईक बघतं, बोलत नाही.
मी मूठभर जास्त घालतो.